पाच अंश कोणते?



आज आम्ही तुमच्यापुढे उष्णतेचा एक हिशेब घेऊन आलो आहोत. हिशेब लहान आहे. ज्याला गुणाकार-भागाकार येतो, त्याला तो जमतो. तीस वर्षे आम्ही शाळेत हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घेतला. न येणाऱ्याला बाकावर उभेही केले. आणि एका थंडीत, ऐन वेळी, तो आमचाच चुकला. त्या चुकीचा भुर्दंड आमच्या खिशाला पडला नाही. तो गावातल्या पाच बायकांना पडला. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो. हिशेब मागाहून करू.

आमच्या गावातल्या पाच जणींनी बचत गटाचे कर्ज काढून कोंबडीची दोनशे पिले आणली. एक दिवसाची पिले. पिवळी, कापसासारखी मऊ. पिलाला सुरुवातीला अंगची ऊब पुरत नाही. कोंबडी असली तर ती पंखाखाली घेते. दोनशे पिलांना कोंबडी कुठून आणायची? मग पत्र्याचे गोल कडे करतात, खाली भाताचे तूस पसरतात आणि वर विजेचे बल्ब टांगतात. याला ब्रूडर म्हणतात. बल्ब खाली घेतला की ऊब वाढते, वर ओढला की कमी होते. किती ऊब झाली ते पाहायला पिलांच्या पाठीच्या उंचीवर एक थर्मामीटर लावून ठेवतात.

आता ऊब किती द्यायची? गटाला एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती. बायका ती घेऊन आमच्याकडे आल्या. "गुरुजी, एवढं वाचून सांगा." आम्ही चष्मा लावला आणि वाचले. पुस्तिकेत लिहिले होते : पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट ठेवा. पुढे दर आठवड्याला ५ अंश कमी करत जा.

गटाने तालुक्याहून आणलेला थर्मामीटर मात्र सेल्सिअसचा होता. त्यावर ९५ चा आकडाच नव्हता. पन्नासाच्या पुढे त्याची पट्टीच संपत होती.

आम्ही म्हटले, त्यात काय मोठेसे! पाटी घेतली. ९५ मधून ३२ वजा केले, राहिले ६३. त्याला ५ ने गुणले, झाले ३१५. त्याला ९ ने भागले, आले ३५. "पहिला आठवडा ३५ अंश," आम्ही सांगितले. हे बरोबर होते.

मग 'दर आठवड्याला ५ अंश कमी' हे घेतले. तीच रीत पुढे चालवली. ५ मधून ३२ वजा करायचे. जाईनात! उरले ऋण २७. त्याचे उत्तर आले ऋण १५. शून्याखाली पंधरा अंश! तेवढ्या थंडीत पाण्याचा दगड होतो. कमी करायचे तेही उणे पंधराने, म्हणजे काय करायचे? आम्ही पाटीकडे पाहत बसलो. पाच जणी आमच्या तोंडाकडे पाहत होत्या. आता खरे सांगतो, त्या वेळी 'आम्हाला कळत नाही' असे म्हणायला हवे होते. पण चारचौघांत ते तोंडातून निघेना. आम्ही पाटी पुसली आणि म्हटले, "पाच म्हणजे पाच. अंश तो अंशच. दुसऱ्या आठवड्यात ३०, तिसऱ्यात २५, चौथ्यात २०."

पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात पिले जरा जवळ जवळ बसू लागली. तिसऱ्या आठवड्यात ती बल्बाखाली ढीग करून बसू लागली, एकावर एक. पौषाचा महिना होता. त्या पाच जणींत एक आजी आहेत. त्यांनी आयुष्यभर अंगणात कोंबड्या पाळल्या. त्या आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, पोरांना थंडी वाजतीया. बल्ब खाली घेऊ का?" आम्ही थर्मामीटर पाहिला. काटा बरोबर २५ वर होता. आम्ही म्हटले, "आजी, पुस्तकात आहे तसंच चाललंय. हात लावू नका."

त्या रात्री एकोणीस पिले मेली. थंडीने पिले एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. आठवडा संपेपर्यंत एकूण एकेचाळीस गेली. कर्ज मात्र दोनशे पिलांचे होते, ते तसेच राहिले.

तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी ढीग पाहिला, थर्मामीटर पाहिला आणि विचारले, "हे २५ कोणी सांगितलं?" आम्ही पुस्तिका पुढे केली. त्यांनी ओळीवर बोट ठेवले आणि एकच प्रश्न केला : "पाच अंश कोणते, गुरुजी?"

त्या प्रश्नाचे उत्तर आता आपण पाहू.

उष्णता मोजायच्या दोन पट्ट्या आपल्याकडे वापरात आहेत. एक फॅरनहाइटची. फॅरनहाइट हा कारागीर डँझिग गावी जन्मला. ते गाव आज पोलंड देशात आहे. त्याने पाऱ्याचे चांगले थर्मामीटर बनवले आणि १७२४ साली आपली पट्टी प्रसिद्ध केली. दुसरी पट्टी सेल्सिअसची. हा स्वीडन देशातला ताऱ्यांचा अभ्यास करणारा विद्वान. त्याने १७४२ साली आपली पट्टी मांडली. गंमत अशी की, त्याने उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर धरले होते! पुढे लोकांनी ती पट्टी उलटी केली आणि तीच आज जगभर चालते. आमच्या पिढीतले लोक तिला 'सेंटिग्रेड' म्हणत. १९४८ साली तिला रीतसर सेल्सिअसचे नाव दिले गेले. नावे दोन असली तरी पट्टी एकच.

बर्फ होते तिथे सेल्सिअसचा आकडा ०, फॅरनहाइटचा ३२. पाणी उकळते तिथे सेल्सिअसचा १००, फॅरनहाइटचा २१२. आता मधले अंतर मोजा. सेल्सिअसचे १०० अंश. फॅरनहाइटचे २१२ वजा ३२, म्हणजे १८० अंश. अंतर तेच, तुकडे मात्र एकाने १०० केले, दुसऱ्याने १८०. म्हणून सेल्सिअसचा एक अंश मोठा आणि फॅरनहाइटचा बारीक. मोठे ५ अंश घ्या, ते बारीक ९ अंशांएवढे भरतात.

हे डोळ्यांपुढे आणायला एक बापलेक घेऊ. दोघे एकाच रस्त्याने चालले आहेत. बापाच्या पाच ढांगा म्हणजे पोराची नऊ पावले. पोरगा घराच्या उंबऱ्यापासून पावले मोजू लागला. बापाला मोजायचे उशिरा सुचले. तो मारुतीच्या देवळापासून मोजू लागला. उंबऱ्यापासून देवळापर्यंत पोराची ३२ पावले झाली होती.

पुढे रस्त्यात एक वड आहे. बाप म्हणतो, "देवळापासून इथवर माझ्या २० ढांगा झाल्या." पोराचा आकडा किती येईल? २० ढांगांची पावले करा. वीस नवे १८०, भागिले ५, म्हणजे ३६. त्यात आधीची ३२ मिळवा. ६८. म्हणून सेल्सिअसचे २० अंश म्हणजे फॅरनहाइटचे ६८ अंश. शाळेत आम्ही शिकवत होतो ती रीत हीच. ९ ने गुणा, ५ ने भागा, ३२ मिळवा.

आता दोघे वडापासून पुढे निघाले आणि पाणवठ्यावर आले. बाप म्हणतो, "वडापासून पाणवठ्यापर्यंत पाच ढांगा." मग पोराची पावले किती झाली? नऊ. नुसती नऊ. इथे ३२ कुठून आणणार? ती ३२ पावले घर आणि देऊळ यांच्यामधली. वड आणि पाणवठा यांच्यामध्ये ती पडलेलीच नाहीत.

पटत नसेल तर आकडे मांडून पाहा. वडापाशी बापाचे २०, पोराचे ६८. पाणवठ्यापाशी बापाचे २५. त्याचे पोराचे होतात ४५ आणि ३२, म्हणजे ७७. आता ७७ मधून ६८ वजा करा. नऊच राहतात. ३२ दोन्ही आकड्यांत होते, ते एकमेकांना कापून गेले.

पंचांग पाहणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो. पण कोणाच्या लग्नाला दहा वर्षे झाली, तर ती शकाने दहा आणि सनानेही दहाच. तिथे ७८ मिळवून कोणी 'अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली' असे म्हणत नाही. म्हटले तर नवराबायको दोघेही हसतील. आमच्या पाटीवर ऋण १५ आले, ते याच जातीचे होते. फक्त त्या दिवशी हसायला कोणी नव्हते.

तेव्हा दोन प्रश्न वेगळे ओळखायचे. 'आकडा किती आहे?' हा एक प्रश्न. तिथे ३२ लागतात. 'किती चढला, किती उतरला?' हा दुसरा. तिथे ३२ चे नाव काढायचे नाही. पण अंश मोठा की बारीक, ते मात्र पाहायचे. आम्ही आधी ३२ घुसवले, ही एक चूक. मग घाबरून ९ आणि ५ सुद्धा टाकून दिले, ही दुसरी. पहिल्या चुकीने कोणी मेले नाही, कारण तिचे उत्तर वेडे होते आणि वेडे उत्तर कोणी वापरत नाही. दुसरीचे उत्तर शहाण्यासारखे दिसत होते. पिले तिनेच मेली.

पुस्तिकेतले पाच अंश बारीक होते. बारीक ९ म्हणजे मोठे ५. मग बारीक ५ म्हणजे मोठे किती? पाच पंचे पंचवीस, भागिले ९. पावणेतीनहून किंचित जास्त. दर आठवड्याला एवढेच कमी करायचे होते. पहिल्या आठवड्यात ३५, दुसऱ्यात सुमारे ३२, तिसऱ्यात साडेएकोणतीस, चौथ्यात पावणेसत्तावीस. आम्ही तिसऱ्या आठवड्यात २५ सांगितले. साडेचार मोठे अंश कमी. बारीक अंशांत सांगायचे तर ८५ हवे होते, आम्ही ७७ वर आणले.

ज्यांना पाटी-पेन्सिल हाताशी नसते त्यांच्यासाठी एक तोंडी रीत सांगतो. मोठ्या अंशांचे बारीक करायचे असतील तर दुप्पट करा आणि त्या दुपटीचा दहावा हिस्सा काढून टाका. १० अंशांची दुप्पट २०, त्याचा दहावा हिस्सा २, राहिले १८. बारीक अंशांचे मोठे करायचे असतील तर निम्मे करा आणि त्या निम्म्याचा नववा हिस्सा वर घाला. १८ चे निम्मे ९, त्याचा नववा हिस्सा १, झाले १०. नववा हिस्सा काढणे जड जात असेल तर दहावा घाला. थोडा फरक पडेल, पण तेवढ्याने पीळ पडत नाही. बाजारात वजनाला आपण याहून जास्त सोडून देतो.

ही रीत नुसती कोंबड्यांपुरती नाही. तापाचे घ्या. आपण गावाकडे ताप फॅरनहाइटमध्येच बोलतो. 'एकशे दोन ताप होता' असे म्हणतो. निरोगी माणसाचा आकडा ९८.६ धरतात. सेल्सिअसमध्ये तोच ३७. पाऱ्याचे काचेचे थर्मामीटर आता मागे पडले आहेत. बॅटरीवर चालणारे आले आहेत. त्यांतल्या काहींना एक बटण असते. ते दाबले गेले की पट्टी बदलते आणि घरातल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका सूनबाईचे असेच झाले. तीन वर्षांचे मूल तापले. थर्मामीटरवर सकाळी ३७ होते, संध्याकाळी ३९ झाले. तिने आशाताईंना फोन केला : "ताई, सकाळपेक्षा दोननं वाढलाय. दोनच." आता ऐकणाऱ्याने हे दोन बारीक धरले असते, तर ९८.६ चे १००.६ झाले असते. जरा कणकण आहे, सकाळी पाहू, असे वाटले असते. पण ते दोन मोठे होते. दोनाची दुप्पट चार, त्यातून दहावा हिस्सा गेला, राहिले ३.६. ९८.६ आणि ३.६ मिळून १०२.२. म्हणजे आपण ज्याला एकशे दोन ताप म्हणतो तो!

आशाताई हुशार. त्या म्हणाल्या, "किती वाढला ते राहू दे. आकडा काय दिसतोय तो वाच." सूनबाई म्हणाली, एकोणचाळीस. ताई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता केंद्रावर घेऊन ये." मूल रात्रीच दवाखान्यात पोचले आणि चार दिवसांनी अंगणात खेळू लागले. तुम्हीही फोनवर डॉक्टरांशी बोलाल तेव्हा 'दोनने चढला, एकने उतरला' असे सांगू नका. पूर्ण आकडा सांगा आणि आकड्याशेजारी कोणते अक्षर दिसते तेही सांगा. इंग्रजी 'सी' म्हणजे सेल्सिअस, 'एफ' म्हणजे फॅरनहाइट. ही दोन अक्षरे आम्ही बैठक संपल्यावर फळ्यावर काढून दाखवू. ती ओळखता आली की निम्मे काम झाले.

वर्तमानपत्रात हवेचे आकडे सेल्सिअसमध्ये येतात. 'पारा चार अंशांनी घसरला' असे वाचलेत तर ते मोठे अंश समजा. बारीक सातांहून अधिक. हवामान खाते उष्णतेची लाट कधी म्हणते, तेही याच अंशांत ठरलेले आहे. सपाट मुलखात दुपारचा आकडा किमान ४० व्हावा लागतो आणि तो त्या दिवसांतल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त चढलेला असावा लागतो. साडेसहाच्या आसपास चढला तर लाट तीव्र. साडेचार ऐकायला थोडे वाटतात. बारीक अंशांत ते आठाच्या वर जातात. अंगाला लागतो तो फरक तेवढा असतो. शेतात दुपारी काम करणाऱ्याला हे पुस्तकातून सांगायला नको.

अमेरिकेत अजूनही रोजची हवा फॅरनहाइटमध्ये सांगतात. आमच्या ओळखीच्या एका घरचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. तो एकदा फोनवर म्हणाला, "बाबा, कालच्यापेक्षा आज सत्तावीस डिग्री उतरलं." वडिलांना रात्रभर झोप नाही. आपल्याकडे चाळीसातून सत्तावीस गेले तर तेराच राहतात! सकाळी ते आमच्याकडे आले. आम्ही विचारले, "सत्तावीस कोणते?" सत्तावीसाला नवाने भागा, तीन. पाचाने गुणा, पंधरा. पंधरा अंशसुद्धा काही थोडे नव्हेत, पण निदान पोराला घोंगडी पाठवण्याचा बेत रद्द झाला.

आणखी एक आकडा तुमच्या कानावर येत असेल. 'दीड अंश'. २०१५ साली फ्रान्समध्ये पॅरिस शहरी जगातल्या देशांनी एक करार केला. धुराने पृथ्वीची हवा तापत चालली आहे. कारखान्यांचा धूर वाढण्याआधी जी सरासरी होती, तिच्यापेक्षा वाढ २ अंशांच्या पुष्कळ खाली ठेवायची आणि दीड अंशावरच रोखण्याचा प्रयत्न करायचा, असे त्यात ठरले. हा दीड अंश मोठा आहे. बारीक केले तर २.७. इथे ३२ मिळवणारा म्हणेल ३४.७! तेवढी वाढ झाली तर ऐकायला आपण उरणार नाही. पण शिकलेल्या माणसांच्या हातूनही हे होते. रीत पाठ असते. ती कुठे लावायची ते पाठ नसते. आमचे तेच झाले.

पुढच्या वर्षी त्या पाच जणींनी पुन्हा पिले आणली. या वेळी दीडशेच. आम्ही जाडसर कागदावर चार आकडे मोठ्या अक्षरांत लिहून दिले : ३५, ३२, साडेएकोणतीस, पावणेसत्तावीस. कागद ब्रूडरच्या भिंतीला चिकटवला. आजींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "गुरुजी, कागद असू द्या. पण मी पोरांकडंबी बघणार. ढीग केला की थंडी. कडेला पळाली की उकाडा. सगळीकडं पांगून दाणा टिपत असली की बरोबर." आम्ही त्यांना म्हटले, "आजी, या खेपेला कागद आणि पिलं यांचं जमलं नाही तर पिलांचं ऐका, आणि मला बोलवा." बोलवावे लागले नाही. गेल्या खेपेचे कर्जही आता बरेचसे फिटले आहे. आजी आता या वर्गात पुढच्या रांगेत बसतात आणि त्यांना दोन अंकी वजाबाकी येते.

आता पाट्या घ्या आणि हे गणित उतरवून घ्या. पुढच्या बैठकीला करून आणा. समजा, निफाडच्या द्राक्षबागेत काल पहाटे १० अंश सेल्सिअस होते. आज पहाटे ५ अंश झाले आणि बागवानाने घड जपायला शेकोट्या पेटवल्या. पहिला प्रश्न : आज पहाटेचा आकडा फॅरनहाइटमध्ये किती? दुसरा प्रश्न : कालपासून पारा फॅरनहाइटचे किती अंश उतरला? दोन्ही उत्तरे वेगवेगळी लिहा. आजींनी दुसरे उत्तर आत्ताच आमच्या कानात सांगितले आहे. त्यांना कोणी विचारू नये.